वाडीच्या लेकीच्या पाठीशी उभे राहूया

सर्व ग्रामस्थ, मुंबईकर मंडळी आणि माहेरवाशिणींना मंडळाचा सप्रेम नमस्कार.

आपल्या वाडीतल्या चार वर्षांच्या एका मुलीच्या मणक्याची शस्त्रक्रिया गणपतीनंतर, घटस्थापनेच्या आधी परळच्या रुग्णालयात ठरली आहे. तिचं नाव इथे छापत नाही. वाडीत ते सगळ्यांना माहीत आहे, आणि उद्या मोठी झाल्यावर तिला या कागदाचं ओझं वाटू नये.

शिमग्याच्या सुमारास अंगणवाडीमागच्या बकुळीखाली पोरं फुलं वेचत होती. ही वाकली तेव्हा पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा वर आलेली सेविकाताईंना दिसली. फ्रॉक एका खांद्यावरून सारखा घसरतो हे आईने पाहिलं होतं, पण शिवणीतच खोट असेल असं समजून तिने तो दोनदा उसवून शिवला. ताईंनी त्याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडे पाठवलं. तिथून एक्स-रे, एमआरआय, आणि शेवटी मुंबई.

दोष जन्मजात आहे. तिच्या कण्यात एक मणका अर्धाच तयार झालाय. चिऱ्याची भिंत रचताना एका थरात पाचरीसारखा चिरा बसला तर वरचे सगळे थर कलतात, तसं. फरक एवढाच की भिंत वाढत नाही आणि मूल वाढतं, त्यामुळे कल वर्षागणिक वाढत जातो. पट्टा, मालिश, व्यायाम यांनी असा बाक सरळ होत नाही. म्हणून कुणी हाडवैद्याचा पत्ता देत असेल तर कृपया देऊ नका.

डॉक्टर तो अर्धा मणका काढून वरखालचे मणके स्क्रू आणि सळीने जोडणार आहेत. या वयात केलं तर थोडेच मणके जोडून भागतं. थांबलो तर बाक वाढेल, जास्त मणके जखडावे लागतील, तेवढी पाठीची वाढ खुंटेल आणि छातीत फुप्फुसांना जागा कमी पडेल. अशा मुलांमध्ये कधी कधी हृदय, मूत्रपिंड किंवा मज्जारज्जूतही दोष असतो. म्हणून तिची इको आणि सोनोग्राफी झाली. दोन्ही चांगल्या आल्या. एमआरआयमध्येही मज्जारज्जू ठीक आहे. देवाची कृपा.

आणखी एक गोष्ट मंडळ स्पष्टपणे सांगू इच्छितं. ग्रहणात हिने विळीला हात लावला, असं तिच्या आईबद्दल वाडीत बोललं गेलंय. हे थांबलं पाहिजे. मणके घडतात ते गर्भ महिना-दीड महिन्याचा असताना, कित्येकदा बाईला दिवस गेल्याचं नीट कळायच्याही आधी. विळीने मणका अर्धा होत नाही. ती बाई आधीच रात्रभर जागी असते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. त्यासाठी मंजुरी मागितली आहे, आणि मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडेही अर्ज केलाय. पण योजनेत न बसणाऱ्या तपासण्या, औषधं, मुंबईतलं राहणं-खाणं, शस्त्रक्रियेनंतर पाठीला आधार देणारं जाकीट आणि पुढे वाढ पूर्ण होईपर्यंतच्या फेऱ्या घरच्यांनाच पेलायच्या आहेत. वडील बोटीवर खलाशी. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, आणि ती उघडल्यावर चार पैसे मिळायच्या दिवसांत त्यांना लेकीच्या उशाशी बसायचंय.

मंडळाने पालखीच्या शिलकीतून २१,००० रुपये दिले आहेत. आता तुमचा हात हवा. पैसे जमतील तेवढे द्या, शंभर रुपयेही कमी नाहीत. लालबाग-परळच्या मंडळींकडे वेगळं मागणं आहे : आईवडिलांना दीड महिना पाठ टेकायला एक खोली, आळीपाळीने डबा, आणि शस्त्रक्रियेच्या आठवड्यात रक्तदाते. रक्त देणाऱ्यांनी आपला रक्तगट मुंबई कमिटीच्या चिटणीसांकडे आत्ताच नोंदवावा, म्हणजे ऐनवेळी धावपळ होणार नाही.

गणपतीत आरतीनंतर देवळाच्या सभामंडपात खजिनदार पावतीपुस्तक घेऊन बसतील. रुग्णालयाचा खर्चाचा कागदही तिथेच ठेवलेला असेल, कुणीही वाचावा. पैसे दिल्यावर पावती घेतल्याशिवाय जाऊ नका.

आपले,
अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार
ग्रामस्थ मंडळ (गाव व मुंबई)