फीडिंग ब्रा पेपरात गुंडाळून कशाला?

संपादक साहेब, नमस्कार.

सातव्या महिन्यात माहेरी सांगलीला आलेय. परवा आईला घेऊन कापड पेठेत फीडिंग ब्रा बघायला गेले, तीन दुकानं फिरलो आणि सगळीकडे तोच एक बदामी रंग, पातळ पट्टे आणि "ताई, ३६ घ्या, बसंल." अहो बसंल काय! बरगड्यांचा घेर वाढलाय, कप वेगळा लागतो, डिलिव्हरीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरलं की साइझ परत बदलणार. वायर टोचते म्हणून बिनवायरची, रुंद पट्ट्याची, कॉटनची मागितली तर दुकानदार आईकडेच बघून बोलायला लागला. ट्रायल रूम नाहीच.

शेवटी एका छोट्या दुकानातल्या मावशींनी टेप काढला, छातीखालून माप घेतलं, म्हणाल्या, "आत्ता सगळ्यात सैल हुकाला बसणारी घे, नंतर घेर उतरला की आतल्या हुकाला लाव." खांद्याजवळची क्लिप एका हाताने उघडते का तेपण करून बघायला लावलं, कारण दुसऱ्या हातात बाळ असणार ना. माप बरोबर मिळालं, पण रंग परत बदामीच! बाळंतिणीला जरा नाजूक लेस, गुलाबी-निळा रंग आवडू नये का?

आणि ती पेपरात गुंडाळून दिली. तुमचाच होता बहुधा.

एक वाचक, सांगली