मसुद्यातले एक वाक्य

चोपडा, जि. जळगाव

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेला, वन्यजीवांसाठी क्षेत्र राखून ठेवण्याच्या प्रस्तावाचा मसुदा परवा मिळाला. भाषा तपासून द्या, एवढेच तू लिहिले होतेस, आणि ते काम मी काल रात्री पूर्ण केले. मसुदा चांगला आहे. परंतु सहाव्या पानावर एक वाक्य आहे, ‘सदर क्षेत्र संवर्धन राखीव म्हणून घोषित करण्यास स्थानिकांचा विरोध नाही,’ आणि त्या वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे. त्याच्याविषयीच हे पत्र आहे. वन्यजीवांसाठी काम करायचे म्हणून तू त्या संस्थेत गेलीस आणि आता सात महिने झाले, तुझे सगळे दिवस मंत्रालयाच्या मजल्यांवर आणि आमदार निवासाच्या बाकांवर जात आहेत, तेव्हा जंगलाच्या कामी आपण खरोखर येतो आहोत का, असेही तू विचारले आहेस. दोन्हींचे उत्तर माझ्यापाशी एकच आहे, आणि ते देण्यासाठी मला एक अशी गोष्ट सांगावी लागेल जी मी आजवर घरात कोणाला सांगितलेली नाही.

वनजमीन पूर्वीपासून कसणाऱ्यांना तिच्यावर हक्क देणारा वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला, त्याचे नियम २००८ च्या जानेवारीत लागू झाले आणि त्यानंतर आमच्याकडे दाव्यांचे गठ्ठे येऊ लागले. मी तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याच्या एका उपविभागीय कार्यालयात अव्वल कारकून होतो. ग्रामसभेने वनहक्क समितीमार्फत तपासून पाठवलेला दावा उपविभागीय समितीपुढे जाण्याआधी त्यावर टिपण लिहायचे, पुरावे पाहायचे आणि शिफारस सुचवायची, हे काम माझ्याकडे होते. दावे लवकर निकाली काढा असा तगादा वरून सतत असे, आणि टेबलावरचा गठ्ठा कमी झाला की काम झाल्याचे समाधान आम्हाला वाटे.

एका दुपारी एक पावरा आदिवासी म्हातारा डोंगरातून उतरून कार्यालयात आला. त्याने कमरेची पिशवी सोडली, तिच्यातून प्लॅस्टिकच्या कागदाची घडी काढली आणि त्या घडीतून तीन दंडाच्या पावत्या माझ्यापुढे ठेवल्या. वनजमिनीवर अतिक्रमण करून पेरणी केली म्हणून वन खात्याने त्याच्याकडून वेळोवेळी जो दंड वसूल केला होता, त्याच्या त्या पावत्या होत्या. एक तर इतकी जुनी होती की घडीवर तिचे चार तुकडे झाले होते आणि ते त्याने वहीच्या पानावर डिंकाने चिकटवले होते. ज्या कागदाने त्याला कधीकाळी गुन्हेगार ठरवले होते, तोच कागद आता तो नेवाडाची, म्हणजे जंगल मोडून केलेली जमीन आपण कसतो याची साक्ष म्हणून घेऊन आला होता. कायद्याच्या अटीप्रमाणे १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवायला याहून चांगला पुरावा क्वचितच मिळतो. परंतु पावतीवरच्या नावात आणि दाव्यातल्या नावात एका अक्षराचा फरक होता, आणि वडिलांचे नाव पावतीवर नव्हतेच. मी टिपणात लिहिले, ‘सादर पुराव्यावरील नाव जुळत नाही, सबब पुरावा अपुरा.’ त्या शेऱ्याखाली पुढे सगळ्यांच्या सह्या झाल्या. सह्या समितीच्या होत्या, वाक्य मात्र माझे होते.

गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब, बांधबंदिस्ती, झोपडी, विहीर हे सारे पुरावे म्हणून चालतात असे त्या नियमांत तेव्हाही लिहिलेले होते, आणि ती पुस्तिका माझ्या खणात होती. गाव कार्यालयापासून दीड तासावर होते. मी गेलो नाही. दावा फेटाळल्यानंतर साठ दिवसांत जिल्हा समितीकडे दाद मागता येते, हे त्याला कोणी समजावून सांगितले की नाही, याचीही मी चौकशी केली नाही. पुढे २०१२ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन, ठरावीक स्वरूपाच्याच कागदाचा आग्रह धरू नये, हे स्पष्ट शब्दांत आले. तोवर तो गठ्ठा अभिलेख कक्षात गेला होता.

मग १३ फेब्रुवारी २०१९ उजाडला. ज्यांचे दावे अंतिमतः फेटाळले गेले आहेत त्यांना वनजमिनीवरून हटवण्यासंबंधीचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश मी निवृत्तीनंतर, ओसरीवर बसून, वर्तमानपत्रात वाचला. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली आणि दावे कोणत्या पद्धतीने फेटाळले गेले याची माहिती राज्यांकडून मागवण्यात आली. त्या मधल्या पंधरा दिवसांत मला झोप लागली नाही. तुझ्या आईला मी पोट बिघडल्याचे सांगितले होते. मार्च उजाडताच मी त्या गावी गेलो. म्हातारा आदल्या पावसाळ्यातच गेला होता. त्याच्या सुनेने मला खाटेवर बसवले, पाणी दिले आणि मी कोण हे सांगितल्यावरही तिने पाण्याचा तांब्या परत नेला नाही. त्याच्या मुलाने तीच प्लॅस्टिकची घडी काढून माझ्यापुढे ठेवली. पुनर्विचारासाठी त्याचा अर्ज मी लिहून दिला, म्हाताऱ्याच्या बरोबरीच्या दोन माणसांचे जबाब घेतले, बांधांची मोजणी करून नकाशा जोडला. हक्क मिळाला, परंतु कसत असलेल्या क्षेत्राहून कमी जमिनीचा, आणि ज्याने पावत्या जपल्या त्याच्या मरणानंतर.

ज्या याचिकेत तो आदेश झाला, ती वन्यजीव संरक्षणाचे काम करणाऱ्या संस्थांनी २००८ मध्ये दाखल केली होती. तुझी संस्था त्यात नव्हती हे मला ठाऊक आहे. तरीही डोंगरातल्या माणसाला या संस्थांमधला फरक कळत नाही. वाघाच्या नावाने आलेला प्रत्येक कागद त्याला आपल्याला उठवण्यासाठी आलेला वाटतो, आणि त्याला तसे वाटण्यात माझ्यासारख्यांचा हात आहे. म्हणून सहाव्या पानावरच्या त्या वाक्याखाली मी रेघ मारली. कोणत्या गावचा विरोध नाही? कोणी विचारले, कोणत्या तारखेला, ग्रामसभेत की सरपंचाच्या घरी? मसुद्यात यांपैकी काहीच नाही.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३६-अ मध्ये संवर्धन राखीव घोषित करण्यापूर्वी स्थानिक लोकांशी विचारविनिमय करण्याची अट आहे, हे तू माझ्यापेक्षा चांगले जाणतेस. अभयारण्यात लोकांच्या वावरावर जी बंधने येतात त्यांच्या मानाने संवर्धन राखीवात माणसाला पुष्कळ मोकळीक राहते, आणि मला हा मार्ग मनापासून पटतो. मुक्ताईनगर तालुक्यातले मुक्ताई-भवानी २०१४ मध्ये याच कलमाखाली झाले. तिथला वाघ केळीच्या बागांतून फिरतो हे आपल्या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अशा ठिकाणी वाघ टिकतो तो राखणीला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या आणि बागेत घड कापणाऱ्या मजुराच्या सहनशीलतेवर. मेळघाटाकडून यावलच्या अभयारण्याकडे जनावरांना वाट मोकळी राहावी असे तुला वाटते, मलाही वाटते. ती वाट ज्यांच्या शेताच्या बांधावरून जाते त्यांचा शब्द मसुद्यात त्यांच्याच तोंडचा असला पाहिजे.

कागदावर चुकीची नोंद झाली की तिचे पुढे काय होते, याचे एक उदाहरण आपल्याच खानदेशातले आहे. वनपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी १८७३ मध्ये शास्त्राला माहीत झाला. जेम्स डेव्हिडसन नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात आपल्या भागातून त्याचे नमुने गोळा केले, आणि १८८४ नंतर तो कोणाच्याही दृष्टीस पडला नाही. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने, हा पक्षी आपण १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला मिळवला, असे सांगून एक नमुना दाखवला. तो डेव्हिडसनचाच जुना नमुना होता. चोरून, पुन्हा पेंढा भरून, वर नवी चिठ्ठी लावलेला. ही लबाडी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी यांनी उघड केली. मग ती चिठ्ठी बाजूला सारून, जुन्या खऱ्या नोंदींच्या मागाने नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन आणि त्यांचे दोन साथीदार शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आले, आणि एकशे तेरा वर्षांनी वनपिंगळा दिवसाढवळ्या एका निष्पर्ण झाडावर बसलेला दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. ती बातमी आली तेव्हा मी नोकरीतच होतो आणि मला तिचे केवळ कौतुक वाटले. आज त्या चिठ्ठीतले शब्द आणि माझ्या टिपणातले शब्द मला एकाच शाईचे वाटतात.

आता तुझ्या रोजच्या कामाविषयी. मंत्र्यांची भेट मिळाली नाही म्हणून तू खट्टू होतेस, परंतु नस्ती, म्हणजे फाईल, सुरू होते ती सहायक कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर, आणि त्याने पहिल्या टिप्पणीत जे लिहिले तेच पुढे अवर सचिव, उपसचिव असे वर सरकत जाते. त्या माणसाकडे वेळ घेऊन जा, त्याच्यापुढे चाळीस पानांचा अहवाल न ठेवता दोन पानांचे टिपण ठेव, आणि त्यातल्या प्रत्येक आकड्याचा मूळ कागद तुझ्या पिशवीत असू दे. वित्त विभाग काय विचारील हे आधीच ओळखून त्याचे उत्तर तयार ठेव. खर्चाची बाब सुटली की अर्धे प्रस्ताव तिथेच परत फिरतात.

अधिवेशनाचेही तसेच आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात कोणी तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी लावली की ‘विधानमंडळ कामकाज, अत्यंत तातडीचे’ असा शेरा मारलेला कागद संध्याकाळी तालुक्याला येई आणि सकाळपर्यंत उत्तर हवे असे. अशा वेळी आम्ही गेल्या वर्षीचे उत्तर काढून त्यात आकडे बदलत असू. सभागृहात खरी माहिती यावी असे तुझ्या संस्थेला वाटत असेल, तर ती अधिवेशनाच्या दोन महिने आधी वनपरिक्षेत्र आणि तहसील कार्यालयात पोहोचलेली असली पाहिजे. सत्ताधारी आणि विरोधी, दोन्हीकडच्या आमदारांना एकच कागद दे. कोणाच्या गाडीतून दौऱ्याला जाऊ नकोस, आणि कोणाच्या प्रचाराच्या व्यासपीठाजवळही उभी राहू नकोस, कारण परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला त्याचा जाब द्यावा लागतो आणि तुझ्या शब्दाचे वजनही जाते.

एका शब्दावर किती अवलंबून असते हे तर तुझ्याच क्षेत्रात दिसते. १२ डिसेंबर १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ‘वन’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशात आहे तोच घ्यायचा असे म्हटले आणि सरकारी नोंदीत वन नसलेल्या कितीतरी जागांना संरक्षण मिळाले. वन संरक्षण कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने तो अर्थ आवळला, आणि १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाने तूर्त जुनाच अर्थ धरायला सांगितले. जंगलातले एकही झाड हलले नाही, तरी त्याचे भवितव्य तीनदा बदलले. या शब्दांपाशी जागे राहणारे माणूस मंत्रालयाच्या बाकावर बसलेले असणे मला फार मोलाचे वाटते, आणि ते माणूस माझी मुलगी आहे याचा मला अभिमान आहे.

ते वाक्य मात्र काढून टाक. प्रस्ताव एक अधिवेशन मागे पडला तरी चालेल, असे तुझ्या वरिष्ठांना सांग; ते नाराज होतील, तरीही सांग. १ मे रोजी ग्रामसभा भरतात. त्याआधी चार दिवस सुट्टी काढून ये. डोंगराकडच्या रस्त्यांना तेव्हा पाणी नसते, मोटारसायकल गावापर्यंत जाते, आणि पावरी बोलणारा एक निवृत्त शिक्षक आपल्या ओळखीचा आहे, तो सोबत येईल. तुझ्या प्रस्तावातल्या सातही गावांत आपण बसू. ज्या गावाने होकार दिला त्याचा ठराव जोड, आणि ज्याने नकार दिला त्याचाही जोड.

तुझी आई दारातून तीनदा विचारून गेली, ‘पोर कव्हय येशी?’ तिला तारीख कळव. मसुदा या पत्रासोबत परत पाठवतो आहे, आणि त्याच्या मागे त्या तीन पावत्यांची छायाप्रत टाचली आहे. म्हाताऱ्याच्या मुलाला विचारून घेतली आहे. ती तुझ्या टेबलाच्या खणात ठेव.

तुझे
अप्पा