पाळणाघराच्या दारातून

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'हल्लीच्या मुलींना मूल नको, करिअर हवं' अशा अर्थाचं एका वाचकाचं पत्र मागे आपल्या सदरात आलं. त्यावर दोन उत्तरंही छापून आली. एकात मातृत्व श्रेष्ठ ठरलं, दुसऱ्यात स्त्रीचं स्वातंत्र्य. मी 2001 पासून बोरिवली पूर्वेला घरच्या घरी पाळणाघर चालवते. ज्यांच्याबद्दल हा वाद चालू आहे त्या बायका रोज सकाळी आठला माझ्या दारात चपला न काढता उभ्या असतात, म्हणून लिहावंसं वाटलं.

आधी माझंच सांगते. मी फोर्टात एका खासगी ऑफिसात टायपिस्ट होते. 1998 ला मुलगी झाली आणि तीन महिन्यांनी मी नोकरी सोडली. 'मुलीसाठी सोडली' असं मी वर्षानुवर्षं सांगत आले, तेही जरा मान ताठ करून. खरं म्हणजे ते ठरवलं 8.14 च्या लोकलने. सासूबाईंचे गुडघे गेलेले, मूल ठेवायला जवळपास कोणी नाही, आणि चर्चगेटहून घरी पोचायला पावणेआठ वाजायचे. यात मी निवडलं ते काय? नवऱ्याने नोकरी सोडावी का, हा प्रश्न आमच्या घरात कोणाच्या मनातही आला नाही. माझ्याही नाही.

निदान मला टोमणे तरी बसले नाहीत. माझ्याकडे येणारी एक सीए मुलगी दुसऱ्या बाळानंतर घरी राहिली, तर तिचे वडीलच म्हणाले, 'मग एवढं शिकलीस कशाला?' दुसरी सहाव्या महिन्यात कामावर रुजू झाली, तिला सासरी ऐकावं लागलं, 'पैशाची एवढी काय नड होती?' आमच्याच मजल्यावर एका जोडप्याने मूल नको असं ठरवलंय. त्यांना लोक अजून डॉक्टरांचे पत्ते देतात. (र. धों. कर्व्यांनी 1921 साली गिरगावात संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि स्वतः पतीपत्नींनी मूल न होऊ देण्याचं ठरवलं, ते याच शहरात.)

आता कायद्याचं. 2017 च्या दुरुस्तीने बाळंतपणाची भरपगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली, 50 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय सक्तीची झाली आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊन यायची मुभा मिळाली. कागदावर छान आहे. पण तान्हं मूल घेऊन सकाळच्या चर्चगेट फास्टच्या लेडीज डब्यात चढून दाखवा. मुंबईत पाळणाघर लागतं ते घराजवळ, फार तर स्टेशनबाहेर. ऑफिसच्या इमारतीत, पंधराव्या मजल्यावर ते कितीही सुंदर असलं तरी विरारच्या बाईला त्याचा काय उपयोग?

शिवाय त्या 26 आठवड्यांचा पगार द्यायचा मालकाने. मग मुलाखतीत 'लग्न कधी, पुढचा काय विचार' असं गोड आवाजात विचारलं जातं. डॉ. आंबेडकर 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने बोलले होते. आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, हे त्यांनी तेव्हाच मांडलं. पण मालकाला बाईच्या कामातून फायदा होतो, तेव्हा सरकार देत नाही तोवर त्यानेही वाटा उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. विधेयक 1929 ला मंजूर झालं. सरकारचा भार मात्र अजून मालकावर, आणि मालकाचा फिरून बाईवर.

26 जुलै 2005 च्या पुरात माझ्याकडे सहा मुलं रात्रभर राहिली. वीज नाही, दूध संपलेलं, एकेकाला मांडीवर घेऊन मी खिडकीत बसले होते. एक आई अंधेरीहून रुळांवरून चालत पहाटे चारला आली. कमरेपर्यंत चिखल. मुलाला उचलायच्या आधी ती म्हणाली, 'काकू, उद्यापासून नोकरी बंद.' पुढच्या सोमवारी आठच्या ठोक्याला ती पुन्हा दारात. घराचा हप्ता होता. पहाटे तिने खरं ठरवलं होतं की सोमवारी, हे मला आजही सांगता येणार नाही. तेव्हा तिच्यासारख्या बाईने 'करिअर निवडलं' असं कोणी लिहिलं की मला हसू येतं.

आणि एक कबुली. पोराला ताप आला की मी कोणाला फोन करते? आईला. तिचं ऑफिस नरिमन पॉइंटला आणि बापाचं कांदिवलीत, रिक्षाने वीस मिनिटांवर, तरी आईलाच. इतकी वर्षं माझ्या नोंदवहीत पहिला रकाना आईच्या नंबरचा आणि वडिलांचा नंबर 'इतर' खाली. ते वाचकाचं पत्र वाचून मला राग आला तो थोडा माझाही होता.

जूनपासून मी नवी वही केली. वडिलांचा नंबर वर. गेल्या मंगळवारी एकाला फोन लावला, बाळाला दोन उलट्या झाल्यात, घेऊन जा म्हटलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, 'काकू, तिचा फोन लागत नाहीये का?'

आपली,
एक पाळणाघरवाली
बोरिवली (पूर्व), मुंबई
(मुलांच्या घरच्यांना अवघडल्यासारखं होईल, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)