राजा नव्हता, हे वाक्य काढ

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दिवाळी अंकातल्या लेखाचा मसुदा नीट वाचला. नायजेरियातल्या नायजर नदीकाठी राहणाऱ्या इग्बो समाजाच्या गावांवर मराठीत कुणी लिहितंय याचाच आधी आनंद झाला. पण पहिलंच वाक्य काढून टाक. ‘इग्बो समाजात राजा नव्हता’ हे आतल्या पठारी मुलखासाठी बऱ्याच अंशी खरं आहे. तिथे कारभार वडीलधारे, पदवीधारी पुरुष आणि गावसभा मिळून चालवत. तू मात्र लिहितोयस अबो, ओनिचा, असाबा, ओगुता या गावांबद्दल, आणि इथे राजे होते, दरबार होते, मानाच्या पायऱ्या होत्या. ओनिचात ओबी, असाबात असाग्बा, आणि त्यांच्या जोडीला ओमू नावाचं बायकांचं स्वतंत्र राजपद. नदीकाठच्या जुन्या माणसांना ‘इग्बो’ म्हणजे आतली, उंचावरची माणसं. स्वतःला ते त्यात धरत नसत. एवढं एक लक्षात घेतलंस तर लेखाची मांडणी आपोआप बदलेल.

हे राजेपण आलं कुठून? गावोगावची दंतकथा पश्चिमेच्या जुन्या बेनिन राज्याकडे बोट दाखवते. ओनिचाचे लोक सांगतात की एझे चिमा नावाच्या पुरुषाबरोबर पूर्वज बेनिनच्या बाजूने निघाले, वाटेत पश्चिम तीरावर त्याच्या वंशजांची गावं वसली, आणि एक शाखा नदी ओलांडून पूर्वेला आली, ती ओनिचा. अबोची कथाही बेनिनकडचीच, मूळपुरुष एसुमाई उक्वू. असाबाची मात्र वेगळी. त्यांचा मूळपुरुष न्नेबिसी नदीपलीकडच्या न्तेजे गावाशी नातं सांगतो. माझं मत विचारशील तर मोठ्या लोंढ्याने माणसं आली, असं या कथांवरून धरू नये. भाषा इग्बोच राहिली आहे. राजचिन्हं, पदव्या आणि दरबारी रीत मात्र बेनिन आणि वरच्या अंगाच्या इगाला राज्याकडून आलेली दिसते, आणि ती आणली व्यापाराने. ज्याच्या हातात घाट, त्याला राजा परवडतो.

अबो हे त्याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण. नकाशात बघ: अबोच्या थोडं खाली नायजर फुटते, एक फाटा नन, दुसरा फोर्काडोस. समुद्रावरून येणारं मीठ, बंदुका, कापड वर जायचं आणि वरून पामतेल, सुरण, आणि एका काळी गुलाम खाली यायचे, ते याच गावाच्या डोळ्यांसमोरून. १८३० साली लँडर हे इंग्रज प्रवासी बंधू नदीच्या मुखाचा शोध घेत खाली येत होते, तेव्हा त्यांना वाटेत पकडून अबोच्या ओबी ओसाईपुढे आणलं गेलं. समुद्रकाठच्या ब्रास या व्यापारी गावच्या एका सरदाराने त्यांची किंमत मोजायचं कबूल केल्यावर ते सुटले. याच ओसाईशी १८४१ साली इंग्रजांच्या एका नदीमोहिमेने गुलामांचा व्यापार थांबवण्याचा करार केला. त्या मोहिमेतले चाळीसहून अधिक युरोपीय हिवतापाने मेले. १८५४ साली ‘प्लेयड’ बोट वर गेली तेव्हा रोज क्विनाइन दिलं गेलं आणि एकही युरोपीय दगावला नाही. नदीकाठचा पुढचा इतिहास या औषधाने बदलला. हे तुझ्या लेखात यायलाच हवं. ओसाईमागे अबोत वारसाहक्कावरून भांडणं झाली, गावाचा वचक ओसरला आणि गोऱ्या व्यापाऱ्यांची नजर वरच्या ओनिचाकडे वळली.

१८५७ च्या जुलैत सॅम्युएल क्राउदर यांनी ओनिचात मिशन सुरू केलं. ते स्वतः योरुबा, लहानपणी गुलामीतून सुटलेले. त्यांनी तिथे ठेवलेले पाद्री जॉन ख्रिस्तोफर टेलर सिएरा लिओनमध्ये जन्मलेले, पण इग्बो आईबापांचे. म्हणजे मिशनची सुरुवात गोऱ्यांनी नव्हे, काळ्या धर्मप्रचारकांनी केली. तू मसुद्यात ‘ब्रिटिश पाद्री आले’ असं लिहिलंयस, ते बदल. सोबतच व्यापाऱ्यांची वखार आली. १८७९ साली व्यापाऱ्यांशी बिनसल्यावर ब्रिटिश युद्धनौकेने ओनिचावर तोफा डागल्या. १८८६ साली रॉयल नायजर कंपनीला सनद मिळाली आणि तिच्या कारभाराचं ठाणं समोरच्या असाबात बसलं. ईस्ट इंडिया कंपनी माहीत असलेल्या मराठी वाचकाला हे फार समजावून सांगायला नको. पश्चिम तीरावरच्या तरुणांनी १८९८ पासून ‘एकुमेकू’ नावाने तिच्याविरुद्ध रात्रीचे छापे सुरू केले, आणि १९०० साली कंपनी जाऊन सरकार आलं तरी ते थांबले नाहीत.

आता ज्यावर सगळं उभं होतं, त्या पामतेलाकडे वळू. तू एका ओळीत उरकलंयस. तिथे निदान एक परिच्छेद दे. पामच्या फळांचा घड कापून आणला की तो ढीग करून झाकून दोनेक दिवस ठेवतात, म्हणजे फळं देठापासून सुटतात. मग फळं मऊ होईपर्यंत उकडायची, उखळात कांडायची, पण बेताने, कारण आतली कठीण बी फुटता कामा नये. तंतू आणि बिया वेगळ्या करून लगदा पाण्यात कुस्करायचा. लाल तेल वर तरंगतं, ते काढून पुन्हा कढवायचं. तडतड थांबली की पाणी गेलं. बिघडतं ते बहुतेक पहिल्याच पायरीवर. फळं चेचली गेली किंवा ढिगात जास्त दिवस आंबली, तर तेलातली आम्लता वाढते आणि तेल थिजून घट्ट होतं. त्याला व्यापारी ‘हार्ड’ म्हणत आणि भाव कमी देत. ताज्या फळांचं पातळ तेल ‘सॉफ्ट’, त्याला भाव जास्त. मग घट्ट तेल कुणी का काढावं? मजुरी वाचते म्हणून. आंबलेल्या फळांना उकडण्याचा, लाकूडफाट्याचा खर्च कमी. घरात वाटणी ठरलेली: तेल नवऱ्याचं, बिया बायकोच्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात साबण आणि मार्गारिनसाठी बियांतल्या गराला मागणी आली, तेव्हा दगडावर बिया फोडणाऱ्या बायकांच्या हाती प्रथमच स्वतःचा मोठा पैसा आला. ओगुताच्या व्यापारी बायकांचं नाव झालं ते याच काळात.

बायकांच्या या पैशामागे एक सत्ताही होती: ओमू. ती राजाची राणी नव्हे, हे ठळक लिही. राजघराण्यात दिलेलीही नसते. तिचं स्वतःचं मंडळ असतं, पदव्या असतात, दरबार असतो. बाजार तिच्या हुकमात: भाव ठरवणं, भांडणं मिटवणं, बाजाराच्या देवतेची पूजा, दंड. गावावर संकट आलं की तिचा शब्द पुरुषांच्या सभेतही चालायचा. ओनिचाच्या ओमू न्वाग्बोका हिने १८८४ च्या ब्रिटिश करारात भाग घेतला होता. पुढे वसाहतीच्या सरकारने पुरुष सरदारांना मान्यता दिली, तनखा दिला. ओमूला दोन्हीतलं काही नाही. ओनिचात न्वाग्बोकानंतर ही गादी दीर्घकाळ रिकामी राहिली. पश्चिम तीरावर, असाबासारख्या गावांत ती टिकली. या एका बाबतीत वसाहतीने केलेलं नुकसान मला तोफांपेक्षा मोठं वाटतं.

बाजाराचा आठवडा चार दिवसांचा: एके, ओरिये, आफो, न्क्वो. सात आठवड्यांचा महिना, तेरा महिन्यांचं वर्ष. कुठल्या गावाचा बाजार कुठल्या वारी हे ठरलेलं, म्हणजे शेजारची गावं एकमेकांच्या आड येत नाहीत आणि व्यापारी फिरता राहतो. ओगुता सरोवराच्या देवीचा, ओग्बुइदेचा वार ओरिये. सरोवराचं निळसर-हिरवं पाणी आणि त्याला मिळणाऱ्या ओराशी नदीचं तपकिरी पाणी संगमावर काही अंतर वेगळं वाहताना स्पष्ट दिसतं. लोक ओराशीला देवीचा नवरा मानतात.

चलनाचा मुद्दा मराठी वाचकाला भिडेल. ओनिचाच्या घाटावर कवड्या चालत. त्यांतल्या कित्येक मालदीव बेटांवरच्या, हिंदी महासागरातून युरोपात आणि तिथून पश्चिम आफ्रिकेत गेलेल्या. तुळजाभवानीच्या आराध्याच्या गळ्यात दिसते तशीच कवडी. वीस हजारांचं पोतं हा मोठा हिशोब, आणि ते पोतं म्हणजे एका हमालाचं डोक्यावरचं ओझं. पुढे झांझिबारकडच्या जाड कवड्या जहाजं भरभरून आल्या आणि कवडीची किंमत उतरली. दुसरा दुवा कापडाचा: इग्बो बायका लग्नाकार्यात नेसतात ते ‘जॉर्ज’ कापड मूळ मद्रासच्या बाजूचं आणि अजूनही भारतातून जातं. तिसरा अधिक जुना: ओनिचाच्या आग्नेयेला इग्बो-उक्वू इथे नवव्या शतकाच्या सुमाराची कांस्य भांडी आणि एक लाख पासष्ट हजारांवर मणी सापडले. त्यांतले काही मणी भारतातले असावेत असं अभ्यासक मानतात. हे ‘असावेत’ असंच लिही.

शेतीचं वेळापत्रक नदीच्या पाण्यावर चालतं, आणि इथे मसुद्यात चूक आहे. तू सुरणाची लागवड ‘पावसाळ्याच्या सुरुवातीला’ लिहिलीस. ती उंचावरच्या गावांची. (आणि ‘सुरण’ म्हटलं तरी हा आपला सुरण नव्हे, वेलीवर येणारा लांबट कंद आहे, आपल्या कोनफळाच्या कुळातला. तळटीप टाक.) ओनिचाच्या खालच्या अंगाला असलेल्या ओग्बारूच्या पूरमैदानात पूर ओसरला की, म्हणजे डिसेंबरच्या आसपास, गाळाच्या मातीत वरंबे किंवा ढिगारे करून कंदाचे तुकडे लावतात. शेंड्याकडचा तुकडा लवकर फुटतो. गाळ दरवर्षी नवा, म्हणून खताची गरज कमी. वेलाला आधाराच्या काठ्या मात्र लागतात. काढणी ऑगस्टच्या आसपास उरकायची, कारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नदी सगळ्यात वर असते. पाणी लवकर आलं तर कोवळे कंद उपसावे लागतात. कोवळा कंद पाणचट असतो, साठवणीत आक्रसतो आणि सडतो. शिवाय सगळेच एकदम विकायला काढतात, त्यामुळे भाव पडतो. काढताना फावड्याचा घाव लागलेले कंद वेगळे ठेवावे लागतात, नाहीतर कुज शेजाऱ्यालाही लागते. चांगले कंद उभ्या खांबांना एकावर एक बांधून सावलीच्या कोठारात ठेवतात, वारा खेळता राहील असे.

२०१२ च्या ऑक्टोबरात हे वेळापत्रक पार कोलमडलं. ओग्बारू आणि समोरचा न्दोक्वा भाग पाण्याखाली गेला, कोठारंसुद्धा. पुढचं बियाणं गेलं, ही खरी हानी; कारण या पिकाचं बियाणं म्हणजे कंदच, एका वर्षाचा पुरवठा बुडाला की लागवडीला काही उरत नाही. २०२२ मध्ये पुन्हा तेच. अतिवृष्टी हे एक कारण. दुसरं, बेन्वे नदीवर कॅमेरूनमध्ये १९८२ साली बांधलेल्या लाग्दो धरणातून सोडलेलं पाणी. ते अडवायला नायजेरियाच्या हद्दीत दासिन हौसा इथे धरण बांधायचं ठरलं होतं, ते झालंच नाही. हे लिहिताना शब्द सौम्य करू नकोस.

ओनिचाच्या ओबीचा ओफाला उत्सव मसुद्यात चांगला उतरलाय, दोनच गोष्टी घाल. पूर्वी ओबी एरवी लोकांपुढे येत नसे, म्हणून हे दर्शन मोठं. आणि उत्सवाआधी तो काही दिवस एकांतात असतो. मग राजदुंदुभी वाजत असताना, पिसांचा मुकुट घालून बाहेर येतो, आणि सरदार मानाच्या क्रमाने मुजरा करतात. हा क्रम चुकला तर तंटा होतो.

नायजेरियातल्या यादवी युद्धाचा भाग आटोपशीर ठेव, पण टाळू नकोस. १९६५ च्या अखेरीस असाबा-ओनिचा पूल झाला. १९६७ च्या ऑक्टोबरात पूर्वेकडच्या, फुटून निघालेल्या बियाफ्राच्या सैन्याने माघार घेताना तो ओनिचाच्या बाजूने उडवला. त्याच आठवड्यात असाबात नायजेरियाच्या संघराज्याचं सैन्य शिरलं. गावाने स्वागत म्हणून पांढऱ्या हातमागाच्या ‘अक्वा ओचा’त नाचत मिरवणूक काढली; ७ ऑक्टोबरला पुरुष आणि मुलं वेगळी काढून शेकडोंना गोळ्या घातल्या गेल्या. हे कापड असाबाच्या परिसरात बायका उभ्या मागावर विणतात, पट्टे जोडून शिवतात, लग्न आणि अंत्यविधी दोन्हींत वापरतात. मिरवणुकीच्या वाक्यात त्याचं नाव आणि वर्णन असू दे.

१९३९ पासून दोन्ही तीर वेगळ्या प्रांतांत आहेत. आज असाबा डेल्टा राज्याची राजधानी, ओनिचा अनाम्ब्रात, ओगुता इमोत. तुझ्या नकाशात राज्यसीमा ठळक आणि नदी बारीक आहे, ते उलटं करून घे. चित्रकाराला अबो आणि दोन फाटे नक्की दाखवायला सांग, आणि दुरुस्त प्रत पाठव. एकदा पुन्हा वाचून देईन.

तुझा,
विनायक