बाबा, सेन्सरच्या तारा जोडू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबांचा आवाज ऐकला तेव्हाच मध्येच बंद पडणाऱ्या नव्या पेलेट स्टोव्हने (लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या कांड्यांवर, म्हणजे पेलेटवर, चालणाऱ्या) त्यांना पुरते जेरीस आणले आहे हे माझ्या लक्षात आले. आपण तिघेही एकाच वेळी बोलत होतो, त्यामुळे कोणी काय सांगितले हे शेवटी कोणाच्याच ध्यानात राहिले नाही. म्हणून सगळे नीट लिहून पाठवते आहे. आईने हे पत्र मोठ्याने वाचावे आणि बाबांनी स्टोव्हपाशी खुर्ची घेऊन शेवटपर्यंत ऐकावे, अशी विनंती आहे. अर्धे पत्र वाचून होताच बाबांचा हात स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो हे मला ठाऊक आहे.

आधी त्या तारांबद्दल. स्टोव्हमधली धुराची ओढ तपासणाऱ्या सेन्सरच्या दोन्ही तारा काढून एकमेकींना जोडल्या की स्टोव्ह मध्येच बंद पडणार नाही, असे बाबांना कोणीतरी सांगितले आहे. सांगणाऱ्याचे म्हणणे खोटे नाही. स्टोव्ह खरोखरच बंद पडणार नाही, आणि मला भीती आहे ती त्याचीच. धूर बाहेर जात नसताना पेलेट मात्र आत पडत राहिले, तर ते अर्धवट जळत, धुमसत साचत जातात. धूर झाकणाच्या आणि दाराच्या फटींतून खोलीत येतो, आग पेलेटच्या मार्गाने उलटी हॉपरकडे, म्हणजे पेलेट साठवण्याच्या टाकीकडे, सरकू शकते आणि आत कोंडलेला वायू एकदम पेटून दाराची काचही फुटू शकते. धुराबरोबर येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. डोके दुखू लागले, गरगरू लागले की माणूस म्हणतो, जरा पडतो, आणि झोपेत तो वायू किती भरला हे कळतही नाही. तेव्हा तारांना हात लावू नका, आणि झोपण्याच्या खोलीजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवलेला नसेल तर बाकी सगळे बाजूला ठेवून तो आधी बसवून घ्या.

आता हा सेन्सर करतो तरी काय, ते सांगते. आपला जुना लाकडाचा स्टोव्ह धुराड्यातल्या गरम हवेच्या ओढीवर चालत असे. पेलेट स्टोव्हमध्ये ते काम विजेच्या पंख्याकडे असते. हा पंखा जळणाच्या कप्प्यातला धूर ओढून पाइपातून बाहेर ढकलतो. त्यामुळे कप्प्यात खोलीपेक्षा किंचित कमी दाब तयार होतो आणि खालून ताजी हवा आपोआप आत येते. खोलीत ऊबदार हवा फेकणारा पंखा वेगळा. तो जोरात फिरतो आहे म्हणून धूर ओढणारा पंखाही ठीक आहे, असे समजू नये. हा कमी झालेला दाब एका बारीक सिलिकॉनच्या नळीतून सेन्सरपर्यंत पोहोचतो. सेन्सर म्हणजे तळहातावर मावेल एवढी एक डबी असते. तिच्यात पातळ पडदा असतो, पडद्याच्या एका बाजूला नळीतली ओढ आणि दुसऱ्या बाजूला खोलीतली हवा. ओढ पुरेशी असली की पडदा सरकतो, टिक् असा आवाज होऊन आतला स्विच जुळतो, आणि मगच पेलेट पुढे ढकलणाऱ्या मळसूत्री दांड्याला वीज मिळते. ओढ कमी झाली की स्विच सुटतो, दांडा थांबतो, आणि ज्या पात्रात पेलेट जळतात त्यातले पेलेट संपले की आग विझते. काही स्टोव्हमध्ये स्विचऐवजी दाबाचा आकडा मोजणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सर असतो, पण त्याचेही तत्त्व हेच.

ही ओढ किती नाजूक असते ते बाबांना नक्की आवडेल. स्ट्रॉमधून पाणी फक्त एक मिलिमीटर वर चढवायला सुमारे १० पास्कलची ओढ लागते, आणि हे सेन्सर अशाच काही दहा पास्कलच्या फरकावर चालतात. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब समुद्रसपाटीला सुमारे १,०१,३२५ पास्कल असतो. त्याच्या हजाराव्या हिश्श्याहूनही लहान फरकावर आपल्या घराची ऊब अवलंबून आहे. म्हणूनच एखादी फट, नळीला पडलेली घडी किंवा राखेचा थर अशा क्षुल्लक गोष्टीनेही स्टोव्ह रुसतो, आणि बहुतेक वेळा सेन्सर बिघडलेला नसून खरे तेच सांगत असतो.

तुम्ही सांगितलेल्या गोष्टींतली एक फार महत्त्वाची आहे. स्टोव्ह व्यवस्थित पेटतो, वीस-पंचवीस मिनिटे छान चालतो आणि मग व्हॅक्यूमची चूक, म्हणजे ओढ कमी असल्याची सूचना, दाखवून बंद पडतो. नळी निघालेली असती, किंवा सेन्सरच्या दोन तोंडांपैकी चुकीच्या तोंडाला जोडलेली असती, तर स्विच कधी जुळलाच नसता आणि स्टोव्ह पहिल्या काही मिनिटांतच थांबला असता. तेव्हा या दोन शंका बहुधा आपण सोडून देऊ शकतो. माझा अंदाज असा की ओढ तयार होते, पण ती अगदी काठावर आहे. कशाने तरी थोडी उतरली की सेन्सर सुटतो. आपल्याला शोधायचे आहे ते हे ‘कशाने तरी’.

हात लावण्यापूर्वी स्टोव्ह पूर्ण गार होऊ द्या आणि प्लग भिंतीतून काढून ठेवा. राख काढायची असेल तर ती झाकणाच्या धातूच्या डब्यातच टाका, कारण राखेत निखारे कितीतरी तास जिवंत राहतात. घरातला झाडलोटीचा व्हॅक्यूम क्लीनर तिथे कृपा करून वापरू नका.

नळीपासून सुरुवात करा. बाबांनी पाठवलेल्या फोटोत मागचे झाकण काढलेले आहे, पण नळीचा खालचा भाग पंख्याच्या सावलीत गेल्याने मला दिसला नाही. नव्या स्टोव्हमध्ये प्रवासात किंवा बसवताना नळी दुमडली जाणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. त्याहून फसवे म्हणजे ती पंख्याच्या गरम आवरणाला टेकलेली असणे. मग ती थंड असताना ठीक दिसते, पण तापली की मऊ पडून चपटी होते, किंवा एखाद्या ठिकाणी वितळून सुईच्या टोकाएवढे भोक पडते. वीस मिनिटांनी बंद पडणाऱ्या स्टोव्हच्या बाबतीत हे कारण मला खूपच संभाव्य वाटते. बाबांनी नळी बोटांनी पूर्ण लांबीभर चाचपून पाहावी, वाकवून तडा दिसतो का ते बघावे आणि तिची वाट गरम भागापासून दूर करून घ्यावी. मग ती दोन्ही टोकांनी काढून तिच्यातून फुंकर मारावी. जिथून ओढ घेतली जाते तिथल्या धातूच्या बारीक तोंडात रंगाचा पापुद्रा किंवा राख अडकलेली असू शकते. तिथे पातळ तार हलकेच फिरवावी.

एक पथ्य मात्र काटेकोर पाळा. नळी सेन्सरला लावलेली असताना तिच्यात कधीही फुंकू नका, हवेच्या पंपाचा झोत तर मुळीच नको. आतला पडदा त्याने कायमचा जातो. सेन्सर तपासायचा असेल तर नळीचा एक स्वच्छ वेगळा तुकडा त्याच तोंडाला लावून तोंडाने अगदी हलकी ओढ द्यावी. टिक् ऐकू आले, जिभेने टोक दाबून धरल्यावर स्विच तसाच राहिला आणि जीभ काढल्यावर पुन्हा टिक् झाले, तर पडदा शाबूत आहे. दुसरे तोंड उघडेच असले पाहिजे, कारण त्यातून त्याला खोलीचा दाब कळतो. कोणी काळजीपोटी त्यावर टोपी बसवली असेल तर ती काढा.

दारे आणि झाकणे यांना फार वेळ लागणार नाही. दाराभोवतीच्या दोरीसारख्या गॅस्केटमध्ये कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढून पाहा. ती सहज सुटून आली तर तिथून हवा आत शिरते आहे. राखेचा कप्पा पुरता आत गेलेला असावा. आणि बाबा, रागावू नका, पण स्टोव्ह चालू असताना पेलेट किती उरले हे बघायला तुम्ही दर अर्ध्या तासाने हॉपरचे झाकण उघडता, असे आई म्हणत होती. पुष्कळ स्टोव्हमध्ये झाकण उघडले की पेलेटच्या मार्गाने हवा आत घुसते आणि ओढ उतरते. काहींत तर झाकणाचा स्विच सेन्सरच्याच वायरीत जोडलेला असतो, त्यामुळे उघड्या झाकणालाही स्टोव्ह व्हॅक्यूमचीच चूक म्हणतो.

राखेचे म्हणाल तर स्टोव्ह नवा असला तरी आठवडाभरात तो तुंबू शकतो. पेलेट ओलसर असले की फुगून त्यांचा भुसा होतो, ते नीट जळत नाहीत, आणि पात्राच्या तळाची भोके कडक पापुद्र्याने बुजतात. चांगले पेलेट गुळगुळीत, चमकदार असतात आणि पोत्याच्या तळाशी फारसा भुसा नसतो. पोती जमिनीवर टेकवून ठेवली असतील तर फळीवर ठेवा.

धुराचा पाइप मी पाहिलेला नाही, पण बाबांनी त्याला तीन वळणे असल्याचे सांगितले आणि तिथे मी थबकले. बऱ्याच स्टोव्हच्या पुस्तिकांत ९०° चे एक वळण सरळ पाइपाच्या ५ फुटांइतके धरतात, आणि ही हिशोबी लांबी १५ फुटांच्या पुढे गेली तर ३ इंचांऐवजी ४ इंच व्यासाचा पाइप वापरायला सांगतात. आपल्या स्टोव्हच्या पुस्तिकेत काय दिले आहे ते आईने शोधून काढावे. पुस्तिका वाचण्याचा धीर आपल्या घरात तिच्याचकडे आहे. पाइपाच्या बाहेरच्या तोंडावरची जाळी काजळीने किंवा पाल्यापाचोळ्याने भरलेली नाही ना, आणि वाऱ्याचा झोत थेट त्या तोंडात येत नाही ना, हे जमिनीवरूनच पाहा. शिडीवर चढायचे नाही. ते काम बसवणाऱ्यांचे आहे.

आता जे लिहायचे आहे ते लिहिताना मला थोडी लाज वाटते. फोन ठेवता ठेवता आई म्हणाली होती, “दुपारी तो गुणी बाळासारखा चालतो, मी संध्याकाळी स्वयंपाकाला लागले की रुसतो.” बाबांनी आणि मी ते हसण्यावारी नेले. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला उमगले की आई, तू बहुतेक दुखण्याच्या नेमक्या जागी बोट ठेवले होतेस. स्वयंपाक करताना तू चुलीवरचा धूर ओढणारा पंखा लावतेस. थंडीमुळे खिडक्या बंद, दारांच्या फटीही बाबांनी गेल्या वर्षी पट्ट्या लावून बुजवलेल्या. तो पंखा घरातली हवा बाहेर फेकतो, पण तिच्या जागी नवी हवा यायला वाट नसते, म्हणून घरातला दाब बाहेरच्यापेक्षा उतरतो. मग स्टोव्हच्या पंख्याला धूर बाहेर ढकलताना जास्तीचा जोर लावावा लागतो, कप्प्यातली ओढ कमी होते, आणि ती मुळातच काठावर असेल तर सेन्सर सुटतो. न्हाणीघरातला पंखा आणि कपडे वाळवायचे यंत्र यांचाही परिणाम असाच होतो.

हे पडताळून पाहणे अगदी सोपे आहे. आज संध्याकाळी स्टोव्ह नेहमीसारखा पेटवा, स्वयंपाकघरातला पंखा लावा, आणि स्टोव्हच्या खोलीतली खिडकी दोन बोटे उघडी ठेवा. उद्या सगळे तसेच करा, पण खिडकी बंद ठेवा. परवा खिडकी बंद आणि पंखाही बंद. या तिन्ही दिवसांत दुसरे काहीही बदलू नका. नळी आधीच सरळ केलेली असेल तर ती तशीच राहू द्या, नाहीतर गुण कशाने आला ते आपल्याला कळणार नाही. फक्त खिडकी बंद आणि पंखा चालू असतानाच स्टोव्ह थांबला, तर उपाय सेन्सर बदलण्याचा नाही. बाहेरची हवा वेगळ्या पाइपाने थेट स्टोव्हला आणून द्यावी लागेल. स्टोव्हच्या मागे हवा आत घेणारे तोंड असते. तिथे असा पाइप जोडता येतो का ते पुस्तिकेत दिलेले असते. तोवर रोज संध्याकाळी खिडकी थोडी उघडी ठेवून चालवा, ऊब थोडी कमी लागली तरी चालेल.

आई, तुझ्या हिशोबाच्या वहीत एक पान यासाठी ठेव. स्टोव्ह किती वाजता पेटवला, किती वाजता थांबला, तेव्हा तो मंद आचेवर होता की मोठ्या, स्टोव्हच्या डिस्प्लेवर कोणती अक्षरे आली, बाहेर वारा होता का आणि घरातला कोणता पंखा चालू होता, एवढे लिहीत जा. मंद आचेवर काही स्टोव्ह पंख्याचा वेगही कमी करतात, म्हणून आचेची नोंद विसरू नकोस. स्टोव्ह अजून वॉरंटीत आहे. नळी आणि दारे तपासण्यापलीकडे काही उघडायचे असेल तर बसवणाऱ्या माणसालाच बोलवा आणि त्याने दाबमापक लावून प्रत्यक्ष ओढ मोजावी असा आग्रह धरा. तो नुसताच सेन्सर बदलून निघाला तर त्याला ते वहीचे पान दाखवा.

मी रविवारी सकाळी फोन करीन. तोपर्यंत तिन्ही संध्याकाळच्या नोंदी झालेल्या असतील. बाबांनी नळीच्या खालच्या टोकाचा एक फोटो, विजेरीच्या उजेडात काढून, त्याआधी पाठवावा.

तुमची लेक