बाळ झालं म्हणून दोन सीटची गाडी विकायलाच हवी का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतलं गाड्यांचं सदर मी इथे ब्रिस्टलला ई-पेपरवर नेमाने वाचते, आणि एरवी आवडतं पण. पण मागच्या रविवारी छोट्या स्पोर्ट्स कारवर जो लेख आला त्यात लेखकमहाशयांनी एका वाक्यात निकालच लावून टाकला, की दोन सीटची गाडी म्हणजे लग्नाआधीची हौस, मूल झालं की ती विकायची, कारण तिच्यात चाइल्ड सीट बसत नाही आणि पुढच्या सीटवर मूल नेणं तर कायद्यानेच बंद आहे. ही दोन्ही वाक्यं चूक आहेत. आणि चूक आहेत एवढ्यासाठीच पत्र लिहीत नाहीये, तर असलं वाचून लोक मोठी गाडी घेतात, मागे आईच्या मांडीवर बाळ ठेवतात आणि आपण फार सेफ आहोत असं समजतात, म्हणून लिहितेय.

आमच्याकडे माझदाची एमएक्स-५ आहे, २०१५ नंतर आलेलं मॉडेल. भारतात ही गाडी विकायला नाही म्हणून बऱ्याच जणांना माहीत नसेल, १९८९ पासून बनतेय, अमेरिकेत मियाटा म्हणतात, दोन सीट, कापडी छप्पर, लांबीला चार मीटरच्याही आत. बाळ होणार म्हटल्यावर कराडहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न, "अगं मग ती खेळण्यातली गाडी कधी काढताय?" इथल्या मैत्रिणी पण तेच. कुणीही मॅन्युअल उघडून बघितलं नव्हतं एवढंच माझं म्हणणं.

आधी कायद्याचं सांगते. ब्रिटनमध्ये मूल १२ वर्षांचं किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत, यातलं जे आधी होईल तोपर्यंत, त्याला चाइल्ड सीट लागतेच, नाहीतर दंड ५०० पौंडापर्यंत जाऊ शकतो. जर्मनीत १२ वर्षं तेच पण उंची १५० सेंटिमीटर. पण ती सीट पुढे लावू नका असं इथला कायदा कुठेही म्हणत नाही. तो एकच गोष्ट ठणकावून सांगतो, रिअर-फेसिंग सीट, म्हणजे बाळाचं तोंड मागच्या काचेकडे असतं ती, चालू असलेल्या एअरबॅगसमोर लावायची नाही. एअरबॅग बंद केली की चालतं. आणि आपल्याकडचं बघायचं तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ ब आलं, १ सप्टेंबर २०१९ पासून लागू, १४ वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा चाइल्ड सीटने बांधलेलं नसेल तर १००० रुपये दंड. त्यात पुढची सीट की मागची असा भेदच केलेला नाही. मग लेखकांनी बंदी कुठून शोधून काढली तेच जाणोत.

आता एअरबॅगचं, कारण खरी गोम इथेच आहे. मोठ्या माणसाला वाचवणारी तीच पिशवी तान्ह्या बाळाला मारू शकते. रिअर-फेसिंग सीटची पाठ डॅशबोर्डच्या अगदी जवळ येते, बाळाचं डोकं त्या पाठीला टेकलेलं असतं, आणि एअरबॅग फुटते ती पापणी लवायच्याही आत, म्हणजे सगळा दणका थेट त्या पाठीवर, तिच्यातून डोक्या-मानेवर. म्हणून तर सन व्हायझरवर ते लाल रेघ मारलेलं बाळाचं चित्र असतं, आपण सगळेच ते बघून न बघितल्यासारखं करतो. आमच्या गाडीत किल्लीच्या आत एक छोटी धातूची चावी लपलेली असते, ती काढून स्विच फिरवायचा की पॅसेंजर एअरबॅग बंद, आणि बंद असल्याचा दिवा लागतो. तो दिवा बघितल्याशिवाय बाळाला सीटमध्ये ठेवायचंच नाही. आणि उलटंही तेवढंच महत्त्वाचं, बाळाची सीट काढली आणि तिथे मोठं माणूस बसलं की एअरबॅग परत चालू, नवरा बसला की मी आधी त्या दिव्याकडे बघते आणि मग गाडी सुरू करते, तो वैतागतो, वैतागू दे.

ज्या दोन सीटच्या गाडीत हा स्विच नाही आणि समोर एअरबॅग आहे, तिच्यात रिअर-फेसिंग सीट अजिबात नाही, तिथे लेखकाचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. विका किंवा झाकून ठेवा. पण "दोन सीटची गाडी" असं सरसकट म्हणू नका ना.

दुसरी गोष्ट सीट बसण्याची, आणि इथे मात्र लोकांची खरंच फसगत होते. स्पोर्ट्स कारच्या सीटला दोन्ही बाजूंनी उंच कड असते, वळणावर माणूस सरकू नये म्हणून, त्यामुळे चाइल्ड सीटचा बेस खाली पूर्ण टेकतच नाही, दोन्ही कडांवर अधांतरी राहतो. आम्ही ज्या दुकानात पहिल्यांदा गेलो (नाव लिहीत नाही) तिथला पोरगा गाडीकडे न बघताच "सगळ्या गाड्यांत बसते" म्हणाला. युनिव्हर्सल लिहिलेलं होतं खोक्यावर, म्हणून. दुसऱ्या दुकानातली बाई मात्र स्वतः पार्किंगमध्ये आली, आमची सीट पूर्ण मागे सरकवली, बेस ठेवला, खाली तळहात घालून बघितला आणि डोकं हलवलं, हात आरपार जात होता. मी म्हटलं टॉवेल घालू का खाली, तर म्हणाली सीटच्या मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल तरच, नाहीतर नाही, कारण धडकेत टॉवेल दबतो आणि बेल्ट ढिला पडतो. मग तिने दुसऱ्या कंपनीची अरुंद बेसवाली आणली, ती खटकन् बसली.

तिने बघितलेलं आणखी एक, जे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. बेल्टने लावायची सीट असेल तर बकलची दांडी किती लांब आहे ते बघायचं. दांडी लांब असली की बकल वर येऊन चाइल्ड सीटच्या प्लॅस्टिकच्या कडेवर आडवं पडतं, आणि जोराचा धक्का बसला की तिथेच मोडू किंवा उघडू शकतं. इथले लोक त्याला बकल क्रंच म्हणतात. वरून बघितलं तर बेल्ट छान ताठ दिसतो, कळतच नाही. शिवाय छोट्या गाडीत बेल्टच आखूड असतो, तान्ह्या बाळाच्या सीटला वळसा घालून परत बकलपर्यंत पोचत नाही, तेही ट्राय केल्याशिवाय समजत नाही.

आयसोफिक्स असेल तर बेल्टची भानगड वाचते. सीटच्या फटीत लोखंडी दोन कड्या असतात, त्यात बेसचे हात अडकवायचे, खुणेचा रंग हिरवा झाला की झालं. आमच्या एमएक्स-५ च्या पॅसेंजर सीटला ते आहे. पण नुसत्या दोन कड्यांनी भागत नाही, धडकेत सीट पुढे कोलमडू नये म्हणून तिसरा आधार लागतो, एकतर जमिनीला टेकणारा पाय किंवा मागून वरून येणारा पट्टा, टॉप टिदर. दोन सीटच्या गाडीत त्या पट्ट्याचा हूक लावायला जागा असतेच असं नाही, कारण मागे सीटच नाही. आणि पायवाली घेतली तर गाडीचा फ्लोअर तिथे उताराचा किंवा खोल असेल तर पाय नीट टेकत नाही. म्हणून सीट बनवणाऱ्या कंपन्यांच्या वेबसाइटवर गाड्यांची यादी असते, तुमचं मॉडेल आणि त्यातली कुठली जागा, हे दोन्ही त्यात असलं पाहिजे. यादीत नाही तर घ्यायची नाही, किती का सेल असेना.

लावून झाल्यावर टेस्ट सोपी आहे, बेल्ट किंवा आयसोफिक्सचे हात जिथून जातात तिथे सीट धरून डावी-उजवीकडे हलवायची, इंचाच्या वर हलली तर परत काढून लावा. मग बाळाचे पट्टे, खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता आला तर ढिला आहे. आणि थंडीत फुगीर जॅकेट घालून बांधायचं नाही, जॅकेट दबतं आणि आत मूल मोकळं राहतं, आधी बांधायचं मग वरून पांघरूण. सासूबाईंना हे पटायला सगळ्यात जास्त वेळ लागला :)

बाळ किती दिवस मागे तोंड करून, हा पण वादाचा विषय. चाइल्ड सीट कशी असावी ते ठरवणाऱ्या नव्या आर-१२९ नियमाच्या सीटला, ज्याला आय-साइझ म्हणतात, निदान १५ महिने तरी रिअर-फेसिंग सक्तीचं आहे, आणि पुढेही जितकं जमेल तितकं बरं, कारण त्या वयात शरीराच्या मानाने डोकं जड आणि मान कच्ची. आता इथे दोन सीटच्या गाडीची खरी अडचण सुरू होते, दीड-दोन वर्षांच्या मुलाची रिअर-फेसिंग सीट एवढी मोठी असते की डॅशबोर्डपर्यंत येते आणि डावीकडचा आरसा दिसेनासा होतो. म्हणजे पहिलं वर्ष मजेत निघतं, नंतर अवघड. हे लेखकाने लिहिलं असतं तर मी पत्रच लिहिलं नसतं.

मागे दोन छोट्या सीट असलेल्या, म्हणजे पोर्शे ९११ किंवा टोयोटा जीटी८६ सारख्या गाड्या सोयीच्या असं लेखात म्हटलंय. कागदावर हो. जीटी८६ ला मागे आयसोफिक्सही आहे. पण दार दोनच, पुढची सीट पाडायची, छप्पर खाली, त्यात झोपलेलं बाळ हातात धरून वाकडं होऊन आत शिरायचं, बाळंतपणानंतर कंबर धरलेल्या बाईने हे करून दाखवावं आणि मग सोयीचं म्हणावं. शिवाय मागे रिअर-फेसिंग लावली की पुढच्या सीटवर बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला. मला विचाराल तर पहिल्या वर्षी दोन सीटची बरी, दार उघडलं की बाळ समोर.

छप्पर उघडून फिरवता का, असं सगळे विचारतात. गावात, हळू, सावलीत, टोपी घालून, हो. मोटरवेवर नाही, वारा आणि आवाज बाळाला झेपत नाही. आणि लांबचा पल्ला तसाही नकोच, तान्ह्या बाळाला दोन तासांच्या वर सलग सीटमध्ये ठेवू नका असं सीटवालेच सांगतात, हनुवटी छातीला टेकून श्वास अडकू शकतो.

आता पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी एक विनंती. तुमच्याकडे स्पोर्ट्स कार कमी, पण बाळ मांडीवर घेऊन पुढे बसणारे घरोघरी आहेत. ताशी ५० च्या स्पीडला गाडी धडकून जागच्या जागी थांबली तर दहा किलोचं बाळ हातातून दोनशे किलोच्या ओढीने निसटतं, कितीही घट्ट धरा. आणि समोर एअरबॅग. मग ती गाडी कितीही मोठी असली तरी माझ्या छोट्या गाडीतलं बांधलेलं बाळ जास्त सुरक्षित, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. तुमच्या गाडीत पॅसेंजर एअरबॅग बंद करायचा स्विच आहे का ते आज बघा, काहींना असतो, काहींना नसतो. नसेल तर बाळाची सीट मागेच.

आणि संपादकसाहेब, तुमच्या सदराकडूनही एक अपेक्षा. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप, म्हणजे गाडी धडकवून सुरक्षेचे स्टार देणारी आपल्याकडची चाचणी, सुरू झालीये, त्यात दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाचे डमी बसवून टेस्ट करतात, मुलांच्या सुरक्षेचे ४९ पैकी गुण वेगळे देतात. तुमच्या परीक्षणात शून्य ते शंभरचे सेकंद असतात, सनरूफ असतं, स्क्रीन किती इंची ते असतं, हे गुण नसतात. आयसोफिक्स कुठल्या सीटला, टॉप टिदर आहे का, एअरबॅगचा स्विच आहे का, एवढ्या तीन गोष्टी प्रत्येक गाडीच्या चौकटीत छापा. लेखकांनी टेस्ट ड्राइव्हला जाताना कुणाकडून तरी एक चाइल्ड सीट मागून न्यावी आणि स्वतः लावून बघावी, सूट-बूट घालून नाही, घाम येतो.

आपली,
एक नियमित वाचक
ब्रिस्टल, इंग्लंड (मूळ गाव कराड)

ता. क. इथून भारतात सीट न्यावी की तिकडून इथे आणावी असं बरेच जण विचारतात. इथे वापरायची तर तिच्यावर गोलातल्या इंग्रजी ई अक्षराची खूण पाहिजे, ती नसेल तर आणू नका, इथे चालत नाही. सेकंडहँडही घेऊ नका, आधी ॲक्सिडेंट झालाय का ते सांगता येत नाही. आणि नवरा म्हणतोय डिकीचंही लिही: आमची डिकी १३० लिटरची, घडीची छोटी बाबागाडी मावते, पण मग त्या दिवशी किराणा नाही.