सिंहगड जागेवर आणणाऱ्या काकांना

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

जिन्यात रोज भेट होते, तरी हे पत्र चारचौघांत लिहितोय. बायनरी फाइलशी (म्हणजे मजकूर नसलेल्या, नुसत्या बाइटच्या फाइलशी) झटापट करणारे आपल्या कोथरूडातच ढीगभर निघतील, त्यांच्याही कामी येईल.

आमच्या ग्रुपला सिंहगड-राजगड-तोरणा वाटेचा चढउतार काढायचा होता. उंचीची फाइल नासाच्या फेब्रुवारी २००० मधल्या शटल मोहिमेची, पुण्याचा चौकोन एन१८ई०७३ (१८ अंश उत्तर, ७३ अंश पूर्व इथून सुरू होणारा). हेडर, म्हणजे सुरुवातीला फाइलची ओळख वगैरे, काही नाही, ओळीने दोन-दोन बाइटचे आकडे, सुमारे १ कोटी ३० लाख. हाती आलेल्या प्रोग्रामने सिंहगड आठ हजार मीटरच्या वर नेला आणि घाटरस्त्यात समुद्रसपाटीखाली हजारो मीटरचे खड्डे पाडले. ग्रुपवर काय विनोद झाले ते इथे नको.

तुम्ही कोड बघितलाच नाहीत. "आधी फाइल काय म्हणते ते बघ," म्हणून हेक्सडम्प (फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणारी कमांड) काढायला लावलात, तोही कॅपिटल सीचा पर्याय लावून. कारण नुसता काढला तर तो जोड्या मशिनच्या क्रमाने दाखवतो आणि आपण पुन्हा गंडतो. मग पाठकोऱ्या कागदावर मांडलंत: गडाची उंची १३१२ धर, हेक्समध्ये (सोळाच्या पटीत आकडे लिहायच्या पद्धतीत) ०५ २०. पाच गुणिले २५६, अधिक ३२. फाइलमध्ये मोठा बाइट आधी, इंटेलचं मशिन मात्र लहान बाइट आधी समजतं, म्हणून तीच जोडी उलटी, २० ०५ अशी वाचून ८१९७ सांगतं.

इथवर कुणीही सांगितलं असतं. आभार खरे पुढच्यासाठी. "भोकांचं काय केलंस?" असं तुम्ही विचारलंत. रडारला जिथे मोजमाप मिळालं नाही तिथे फाइलमध्ये वजा ३२७६८ असतं, म्हणजे ८० ००. कोड ही खूण वाचल्या वाचल्या तपासत होता. बाइटची अदलाबदल त्या तपासणीच्या खाली घातली असती, तर भोक उलटं वाचलं जाऊन १२८ बनून तपासणीतून सटकलं असतं, आणि कोकणातली खरोखर १२८ मीटरवरची जमीन, ०० ८०, 'माहिती नाही' म्हणून गाळली गेली असती. गड तेवढा जागेवर दिसला असता आणि आम्ही खूश!

आता मशिनचा क्रम विचारणारी ओळच कोडात नाही. पहिला बाइट आठ बिटं डावीकडे सरकवायचा, दुसरा जोडायचा, शेवटी अधिक-वजा चिन्ह बघायचं. मशिन कुठलंही असो, उत्तर तेच.

"सगळं सी भाषेतच लिही" हे तुमचं म्हणणं मात्र अजून पटलेलं नाही. नमपायला (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) 'मोठा बाइट आधी' एवढं सांगितलं की अख्खी फाइल एका ओळीत वाचून होते. यावर भांडायला रविवारी वर येतो, तोरण्याचा आलेख घेऊन. काकूंना नमस्कार.

आपला,
खालच्या मजल्यावरचा